श्वास ओढतो कोण?

छाती हा शब्द मराठीत अवयवापेक्षा गुणाचाच वाचक अधिक आहे. माणूस छाती ठोकून सांगतो, छाती काढून चालतो, छातीवर दगड ठेवून दुःख सोसतो. आणि एखादे धाडस कोणाच्या आवाक्याबाहेरचे असले तर ‘तेवढी त्याची छाती नाही’ असे आपण म्हणतो. परंतु ही छाती प्रत्यक्षात कशाची बनलेली आहे आणि तिची भिंत अहोरात्र कोणते काम करीत असते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. श्वासोच्छ्वासाचा विषय निघाला की सगळे श्रेय फुप्फुसांच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो. वस्तुतः स्वतःला फुगवू शकेल असा एकही स्नायू फुप्फुसांत नाही. हवा त्यांच्यात शिरते खरी, पण ती ओढून आणणारा दुसराच असतो. आम्हां सरकारी कचेरीत बसणाऱ्यांना ही व्यवस्था अगदीच अपरिचित नाही. आदेशाखाली सही एकाची असते आणि त्यामागचे टिपण भलत्यानेच केलेले असते.

मात्र कचेरीतील ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही म्हणून कोणी मरत नाही. श्वासाच्या बाबतीत तसे नाही. फुप्फुस फुगते म्हणून छाती उचलते, की छाती उचलते म्हणून फुप्फुस फुगते, हा वरवर पाहता पंडितांनी घटकाभर घोळावा असा प्रश्न. परंतु त्याचे बिनचूक उत्तर मिळेपर्यंत दोन हजार वर्षे गेली, आणि ते मिळाल्यावर त्याच्या आधारानेच विसाव्या शतकात असंख्य मुलांचे प्राण वाचू शकले. त्या उत्तराच्या शोधाचा इतिहास वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वास्तूची ओळख करून घेऊ. पाठीच्या कण्याच्या बारा मणक्यांपासून दोन्ही अंगांनी बरगड्यांच्या बारा जोड्या निघतात. त्यांपैकी वरच्या सात जोड्या कूर्चेच्या साहाय्याने पुढील उरोस्थीस स्वतंत्रपणे जोडलेल्या असतात. पुढच्या तीन आपापल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेतात, आणि अखेरच्या दोन मोकळ्याच राहतात. प्रत्येक दोन बरगड्यांच्या मध्ये स्नायूंचे पातळ थर आहेत. बाहेरच्या थराचे तंतू तिरपे खाली व पुढे उतरतात, आतल्या थराचे खाली व मागे. श्वास घेताना वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्याप्रमाणे उचलल्या जाऊन उरोस्थी पुढे येते. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूंना वर येतात. या पिंजऱ्याचा तळ म्हणजे श्वासपटल. तो एक मांसल पडदा आहे. त्याचा आकार उपड्या कढईसारखा, कडा स्नायूंच्या आणि मध्यभाग चिवट पांढऱ्या तंतूंचा. कडांचे स्नायू आकुंचन पावले की घुमट खाली बसतो, वरची पोकळी वाढते आणि बाहेरची हवा आपोआप आत येते. शांत श्वासात हा पडदा सुमारे दीड सेंटिमीटर सरकतो, पण बहुतांश काम तेवढ्यानेच होते. मिनिटास पंधरा श्वास धरले तर दिवसाचे २१,६०० होतात. आपल्या योगपरंपरेने अहोरात्रीच्या श्वासांची हीच संख्या सांगितली आहे.

या पडद्याची एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याचे ठिकाण छाती व पोट यांच्या सीमेवर, परंतु त्याला हलविणारा मज्जातंतू निघतो मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या क्रमांकाच्या ग्रीवा-मज्जांतून. एवढ्या लांबून, हृदयाला वळसा घालून हा धागा खाली का यावा? कारण गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्यात श्वासपटलाचा मूळ अंकुर मानेच्या पातळीवरच असतो. पुढे शरीर वाढते, अंकुर खाली उतरतो, दुसरीकडे संसार थाटतो; परंतु उतरताना तो आपला मज्जातंतू बरोबर ओढीत नेतो आणि जन्मभर आज्ञा मात्र मूळ गावाहूनच घेतो. घरापासून शेकडो कोसांवर नोकरीनिमित्त राहून मराठी मासिकाची वाट पाहणाऱ्या वाचकांस या व्यवस्थेचे मर्म अधिक सांगावयास नको. हा मानेतला उगम पुढच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आपल्या देशात या पिंजऱ्याची मोजदाद फार प्राचीन काळी झाली. चरकसंहितेत बरगड्या चोवीस, त्यांची खोबणी चोवीस आणि त्यांवरील उंचवटे चोवीस, अशी बहात्तरांची गणना आहे. सुश्रुताने प्रत्येक बाजूस छत्तीस सांगितली, म्हणजे बेरीज तीच. आजच्या गणतीहून हा आकडा पुष्कळच मोठा दिसतो, पण एका हाडाचे भाग वेगळे मोजले की हिशेब जुळतो. कलकत्त्यात अनेक वर्षे काम केलेले पंडित रूडॉल्फ हर्न्ले यांनी १९०७ साली आपल्या ग्रंथात ही संगती साक्षेपाने लावून दाखविली. सुश्रुताने शवपरीक्षेची रीतही सांगितली आहे. देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री भिजवावा आणि मग कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा. शास्त्र नुसते ऐकून भागत नाही, प्रत्यक्षही पाहिले पाहिजे, हा त्यामागील आग्रह. पुढे ही परंपरा खंडित झाली. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदनासाठी हाती शस्त्र घेतले, तेव्हा ती नव्या रूपाने सुरू झाली. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ सालचे, डॉ. भाऊ दाजी लाड हे त्याच्या पहिल्या तुकडीतले.

परंतु रचना कळणे आणि हालचालीचे कारण कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कारणाचा वाद रंगला तो ग्रीकांमध्ये. प्राचीन ग्रीक कवींच्या भाषेत श्वासपटलाला आणि मनाला शब्द एकच होता. भय, क्रोध, विचार यांचे स्थान ते तेथेच मानीत. अनुभवाला हे धरूनच होते, कारण धसका बसला की पहिला आघात जाणवतो तो उराखालीच. प्लेटोने या पडद्याला भिंतीची उपमा दिली. घरात पुरुषांचे व स्त्रियांचे दालन वेगळे करावे, तशी ही भिंत मनातील उदात्त अंशास पोटातील वासनांपासून वेगळे ठेवते, असे तो म्हणतो. हिपोक्रेटसच्या नावावरील एका ग्रंथात मात्र स्पष्ट बजावले आहे की, हे नाव केवळ रूढीने पडले. विचार करण्याचे काम मेंदूचे, पडद्याचे नव्हे. ॲरिस्टॉटलनेही पडद्याकडे विचारशक्ती नाही असेच म्हटले. पण श्वासाचे कारण सांगताना तो फसला. हृदयाच्या उष्णतेने फुप्फुस फुगते आणि ते फुगले म्हणून छाती वर येते, असे त्याचे मत होते. उपमा त्याने लोहाराच्या भात्याचीच दिली. मात्र भाता आपण होऊन फुगत नाही, त्याची फळी कोणीतरी उचलावी लागते, ही गोष्ट त्याच्या नजरेतून निसटली.

फळी उचलणारा हात दाखविला गेलेन या वैद्याने. इ. स. १२९ मध्ये पेर्गामन येथे जन्मलेला हा मनुष्य वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तेथील द्वंद्वयोद्ध्यांचा वैद्य नेमला गेला. चिरफाळलेली शरीरे सांधणे हाच त्याचा रोजचा व्यवसाय. त्याने प्रश्न पुस्तकांना न विचारता सुरीने विचारला. डुकरे व वानरे यांच्यावर प्रयोग करताना त्याने मज्जारज्जू निरनिराळ्या उंचीवर छेदून पाहिला. मानेच्या अगदी वरच्या भागी छेद घेतला की श्वास तत्क्षणी थांबे. मानेच्या तळाशी छेद घेतला तर बरगड्या निश्चल होत, पण श्वासपटल चालूच राही. पडद्याकडे जाणारे दोन मज्जातंतू तोडले तर पडदा थांबे आणि बरगड्या चालत. यावरून त्याने निष्कर्ष काढला की, फुप्फुस छातीच्या मागोमाग जाते. स्वतः होऊन ते हलत नाही. प्रश्न कसा विचारावा म्हणजे निसर्गाला उत्तर देणे भागच पडते, याचा एवढा स्वच्छ नमुना प्राचीन वैद्यकात विरळा. दुर्दैव असे की, पुढच्या तेराशे वर्षांत गेलेनची उत्तरे पाठ झाली आणि त्याची प्रश्न विचारण्याची रीत विसरली गेली. त्याला मानवी शव उघडण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याने वानराचे शरीर पाहून जे लिहिले तेही माणसाच्या माथी मारले गेले.

ही गुंतागुंत सोडविण्याचे मोठे श्रेय आंद्रेयास व्हेसालियस याचे. १५४३ साली बाझेल येथे त्याचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा तोही अठ्ठाविसाव्या वर्षातच होता. गेलेनने उरोस्थीचे सात भाग सांगितले होते. व्हेसालियसने मानवी उरोस्थीचे तीनच दाखविले. आदमच्या बरगडीपासून ईव्ह घडली, या कथेवरून पुरुषाला एक बरगडी कमी असते अशी लोकांची समजूत होती. दोघांच्याही बरगड्या सारख्याच, प्रत्येक बाजूस बारा, असे त्याने मोजून सांगितले. ग्रंथाच्या अखेरीस त्याने एक प्रयोग नोंदविला आहे. छाती उघडल्यावर प्राण्याचे फुप्फुस खाली बसते आणि तो मरू लागतो. अशा वेळी श्वासनलिकेस छिद्र पाडून त्यात बोरूची नळी घालावी व फुंकर मारावी. मग फुप्फुस पुन्हा वर येते आणि मंदावलेल्या हृदयाला जोर चढतो. ही नळी वाचकांनी ध्यानात ठेवावी. चारशे वर्षांनंतर ती पुन्हा भेटणार आहे.

फुप्फुसांना स्वतःची गती आहे, हे मत तरीही सतराव्या शतकापर्यंत अधूनमधून डोके वर काढीतच राहिले. १६६७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे रॉबर्ट हूक याने एका कुत्र्याची छाती उघडून, बरगड्या व पडदा काढून टाकून, भात्याने हवा पुरवीत त्याला जिवंत ठेवले. फुप्फुसास बारीक छिद्रे पाडून हवेचा अखंड झोत आतून वाहता ठेवला, तेव्हा फुप्फुस मुळीच हलत नसतानाही प्राणी शांत राहिला. अर्थात गरज हालचालीची नसून ताज्या हवेची आहे. तीन वर्षांपूर्वी असाच प्रयोग केल्यावर याच हूकने प्राण्याच्या यातना पाहून, पुन्हा असे करणे नको, असे रॉबर्ट बॉइलला कळविले होते. या ज्ञानाची किंमत मुक्या प्राण्यांनी मोजली आहे. तिची नोंद इतिहासात झालीच पाहिजे. त्याच काळात जॉन मेयो याने ही गोष्ट रक्ताचा थेंबही न सांडता दाखविली. त्याने भात्याच्या पोटात एक मूत्राशयाची पिशवी बसविली आणि तिचे तोंड बाहेर मोकळे ठेवले. भाता उघडला की पिशवी आपोआप फुगे, मिटला की रिकामी होई. पिशवी म्हणजे फुप्फुस, भाता म्हणजे छाती. १६७४ च्या त्याच्या ग्रंथात हे वर्णन आहे. चाळिशी गाठण्यापूर्वीच तो वारला.

आता प्रश्न राहिला बरगड्यांमधल्या त्या दोन थरांचा. त्यावरून अठराव्या शतकात जर्मन विद्यापीठांत मोठे रण माजले. येनाचा हांबर्गर म्हणे, बाहेरचा थर बरगड्या उचलतो, आतला खाली ओढतो. त्याचा युक्तिवाद भूमितीचा होता. तिरप्या तंतूचे जे टोक कण्यापासून अधिक दूर, त्या टोकाच्या बरगडीवर जोर अधिक चालणार, हे तो समांतर पट्ट्यांची आकृती मांडून सिद्ध करी. गटिंगेनचा आल्ब्रेख्ट फोन हालर म्हणे, दोन्ही थर उचलण्याचेच काम करतात. आणि पुराव्यादाखल तो जिवंत प्राण्यांवरील निरीक्षणे पुढे करी. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा असते, असेही हांबर्गरचे म्हणणे होते. हालरने छाती पाण्याखाली उघडून दाखविली. एकही बुडबुडा वर आला नाही. या मुद्द्यावर हांबर्गर हरला, आणि एका मुद्द्यावर हरलेला मनुष्य सर्वच मुद्द्यांवर चुकला, असे मानण्याची जगाची रीतच आहे. परंतु विसाव्या शतकात स्नायूंतील सूक्ष्म विद्युत्स्पंदने मोजता येऊ लागली, तेव्हा स्नायूंच्या बाबतीत हांबर्गरचेच म्हणणे बहुतांशी खरे ठरले. उरोस्थीलगतच्या कूर्चांमधला आतला थर तेवढा श्वास घेण्यास मदत करतो, आणि हा अपवादही त्याने सांगून ठेवला होता.

फुप्फुस लवचीक आहे, ते सदैव आकसू पाहते आणि छातीची भिंत त्याला ताणून धरते. त्यामुळे त्या दोहोंमधल्या फटीत दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो. हे एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाले. या ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग क्षयावर झाला. रोगट फुप्फुसास विश्रांती द्यावी, या कल्पनेने इटलीच्या फोर्लानिनीने त्या फटीत वायू भरून फुप्फुस मिटविण्याची पद्धत काढली. पुढे कोणी मानेतील तो मज्जातंतू चिरडून पडदा लुळा पाडू लागले, कोणी सात-आठ बरगड्या कापून छातीची बाजूच आत बसवू लागले. आपल्या देशातील आरोग्यधामांतही हे उपचार चालत आणि त्यांच्या खुणा अंगावर घेऊन माणसे उरलेले आयुष्य काढीत. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. १९५६ साली मद्रासेत सुरू झालेल्या प्रयोगाने १९५९ मध्ये असे दाखविले की, औषधे नियमाने घेतली तर घरी राहूनही क्षयरोगी आरोग्यधामाइतकाच बरा होतो. बरगड्या कापण्याचे ते पर्व मग मागे पडले.

याच काळात महाराष्ट्रात लोणावळ्यास एक निराळे संशोधन चालले होते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. उड्डियान बंधात साधक श्वास पूर्ण सोडतो, घसा बंद ठेवतो आणि हवा आत न घेता बरगड्या उचलतो. मग पडदा वर खेचला जाऊन पोट कण्याकडे खोल जाते. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते, ते स्वामींनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून खाली उतरतो, असे त्यांस आढळले. जे गुरुमुखातून आले ते तसेच्या तसे न स्वीकारता मोजून पाहावे, ही सुश्रुताच्या कुंचल्याचीच परंपरा होय.

परंतु छातीच्या भिंतीचे खरे मोल जगाला कळले ते पोलिओच्या साथींत. हा रोग मज्जारज्जूतील चालक पेशी मारतो. मानेतील पेशी गेल्या की श्वासपटल थांबते, त्याखालच्या गेल्या की बरगड्या थांबतात. फुप्फुस निर्दोष, हृदय धडधाकट, आणि मूल शुद्धीवर असूनही हवेवाचून गुदमरते. सतराशे वर्षांपूर्वी गेलेनने सुरीने जे केले, ते आता रोग मुलांवर करीत होता. १९२८ साली बॉस्टनमध्ये ड्रिंकर आणि शॉ यांनी त्यावर यंत्र बनविले. ती एक मोठी पोलादी पेटी. डोके तेवढे बाहेर. पेटीतील हवेचा दाब कमी केला की छाती उचले, वाढविला की खाली बसे. लोकांनी त्यास लोहफुप्फुस म्हटले, पण ते नाव यथार्थ नव्हे. ते फुप्फुस नव्हतेच. ती लोखंडाची छाती होती, मेयोचाच भाता.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला भयंकर साथ आली. तेथील ब्लेग्डाम रुग्णालयात अशी पोलादी पेटी होती एकच, आणि छातीवर बसविण्याची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास थांबलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा मुख्य वैद्य लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूल देणाऱ्या डॉक्टरास बोलाविले. २७ ऑगस्ट रोजी इब्सेनने एका मरणोन्मुख बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत सोडली. मुलगी वाचली. व्हेसालियसची बोरूची नळी चारशे नऊ वर्षांनी माणसाच्या कामी आली. आता पिशव्या मिळाल्या, पण त्या दाबणार कोण? यंत्रे नव्हती, म्हणून वैद्यकीचे विद्यार्थी बोलाविण्यात आले. पुढील महिन्यांत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, अहोरात्र, एकेका रुग्णाच्या उशाशी बसून पिशवी दाबली. ऐन भरात एकाच वेळी सत्तर रुग्ण असे हाताने श्वास घेत होते. मृत्यूचे प्रमाण शेकडा सत्त्याऐंशीवरून उतरत उतरत पंचविसाच्या आसपास आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथेच आहे. २०२० च्या करोना साथीत ज्या श्वसनयंत्रांसाठी सारे जग धावत होते, त्यांचेही मूळ तेच.

भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावड्यास आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. अमेरिकेतील पॉल अलेक्झांडर हा १९५२ साली लहानपणी पोलिओ झालेला मनुष्य लोहफुप्फुसाच्या आधाराने वकील झाला, त्याने आत्मचरित्र लिहिले, आणि मार्च २०२४ मध्ये तो निवर्तला. ती पोलादी पेटी आता वस्तुसंग्रहालयाची धन झाली आहे.

इतिहासात नावे उरतात ती गेलेन, व्हेसालियस, हालर यांची, आणि ती उरावीत हे योग्यच आहे. परंतु ब्लेग्डाममध्ये रात्री तीन वाजता, झोप आवरीत, परक्याच्या मुलाचा श्वास आपल्या मुठीत धरून बसलेल्या त्या दीड हजार जणांची नावे आम्हांस कोठे वाचावयास मिळाली नाहीत. त्यांनी काही शोध लावला नव्हता. मिनिटाला ठरावीक वेळा पिशवी दाबावयाची, दाब कमी-जास्त होऊ द्यावयाचा नाही, आणि पुढचा गडी आल्यावाचून जागचे उठावयाचे नाही, एवढेच त्यांचे काम होते. उपड्या कढईसारखा तो मांसल पडदा आपल्या उरात जे करतो, तेच काही महिने त्यांनी दुसऱ्यांसाठी केले. श्वास ओढतो कोण, या दोन हजार वर्षांच्या प्रश्नाला मिळालेले इतके प्रत्यक्ष उत्तर आम्हांस दुसरे ठाऊक नाही.